भावाला थॅलेसेमिया आणि लग्न आत्याच्या मुलाशी : ‘मी तर ठणठणीत आहे’ एवढ्यावर थांबू नका

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही तासगाव तालुक्यातल्या, वय २३. आत्याच्या मुलाशी तुमचं लग्न जवळपास ठरलंय आणि दिवाळीनंतर साखरपुडा करायचं घरात चाललंय. तुमच्या धाकट्या भावाला थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा गंभीर जन्मजात आजार आहे, दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त भरायला मिरजेला आणावं लागतं. तुम्ही आणि तो मुलगा मात्र दोघंही तब्येतीनं खणखणीत. घरात तिघं तीन गोष्टी सांगतायत. वडील म्हणतात, ‘आजार भावाच्या वाट्याला गेला, तू सुटलीस.’ शाळेत विज्ञान शिकवणारे काका म्हणतात, ‘हा अप्रभावी गुण आहे, पिढी बदलली की आपोआप विरून जातो.’ आणि तुमचा दोघांचाही रक्तगट बी पॉझिटिव्ह आहे हे ऐकून एका नातेवाइकांनी ‘एकच रक्तगट, मुलं अपंग होणार’ अशी भीती घातलीय. तुम्ही विचारताय, लग्न करावं की नको?

मी मिरजेत बालरोगतज्ज्ञ आहे. थॅलेसेमियाची मुलं आणि त्यांचे आईवडील हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. लग्न करावं की नको हा प्रश्न तुमच्यासमोर आहे, पण त्याच्या आधी दुसरा एक प्रश्न सोडवावा लागेल: तुम्ही दोघं, किंवा तुमच्यापैकी एक जण, या आजाराचे वाहक (स्वतः निरोगी, पण आजार पुढच्या पिढीत देऊ शकणारे) आहात का? त्याचं उत्तर पत्रिकेत नाही, तब्येतीत नाही आणि रक्तगटातही नाही. ते एका साध्या रक्ततपासणीत आहे. पुढचं सगळं उत्तर तुमच्या भावाचं निदान ‘बीटा थॅलेसेमिया मेजर’ हेच आहे असं धरून लिहितोय. त्याच्या जुन्या कागदांवर हिमोग्लोबिन ई किंवा सिकल (हिमोग्लोबिनचे दुसरे जन्मजात बिघाड) असा काही उल्लेख असेल तर हिशोब थोडा बदलतो, तेव्हा ते कागद एकदा काढून बघा. तुमचे आईवडील आधीपासून एकमेकांच्या नात्यातले असतील तर तेही सांगायला हवं. प्रश्नात ते तुम्ही लिहिलेलं नाही.

आधी मूळ यंत्रणा समजून घेऊ. रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनचा. त्यातली बीटा ग्लोबिन नावाची साखळी कशी बनवायची याची माहिती अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असते. गुणसूत्रं जोडीनं येतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून, त्यामुळे या जनुकाच्याही आपल्यात दोन प्रती असतात. तुमच्या भागात द्राक्षबागेच्या विहिरीवर दोन मोटारी बसवलेल्या असतात, तसं समजा. एक जळाली तरी दुसरी बाग भिजवते. दाब थोडा कमी पडतो, पण बाग वाळत नाही आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला काही कळतही नाही. दोन्ही जळाल्या तरच बाग जाते. बीटा जनुकाची एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली असलेला माणूस म्हणजे वाहक. तो शेतात राबतो, भरतीत धावतो, बाळंतपणं निभावतो. हिमोग्लोबिन एखाद्या ग्रॅमनं कमी असेल, एवढंच. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या की ते मूल मेजर. जन्मताना तेही ठीकच दिसतं, कारण गर्भातल्या हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळीच नसते, तिच्या जागी गॅमा असते. ती ओसरायला लागली की साधारण सहाव्या महिन्यापासून बाळ पांढरं पडू लागतं.

ज्या गुणाला दिसण्यासाठी दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात तो अप्रभावी. एकाच प्रतीतला बदल पुरेसा असेल तर तो प्रभावी. एक प्रत चांगली असूनही काम का बिघडतं, असं पालक विचारतात. त्याच विहिरीवरची एक मोटार बंदच होत नसेल तर दुसरी कितीही चांगली असली तरी रान चिबडतं. अकॉन्ड्रोप्लेझिया या बुटकेपणाच्या प्रकारात नेमकं हेच होतं. हाडांची वाढ रोखणारा एफजीएफआर-३ नावाचा ग्राहक (पेशीवरचा, संदेश घेणारा रेणू) सतत चालू राहतो आणि चांगली प्रत त्याला बंद करू शकत नाही. म्हणून आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असेल तर प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी. प्रभावी म्हणजे समाजात जास्त आढळणारा असंही नाही. अकॉन्ड्रोप्लेझिया प्रभावी आहे आणि अगदी दुर्मीळ आहे. ओ रक्तगट अप्रभावी आहे, आणि आपल्याकडे कुठल्याही रक्तदान शिबिरात ओ गटाचे भरपूर लोक भेटतात. गुण दिसायला किती प्रती लागतात, एवढंच हे शब्द सांगतात. गुण किती पसरलाय किंवा किती टिकेल, याचा त्यांच्याशी संबंध नाही.

तुमच्या काकांनी वर्गात मेंडेलचे वाटाणे शिकवले असतीलच. आताच्या चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोच्या मठात १८५६ पासून मेंडेल यांनी हे प्रयोग केले आणि १८६६ मध्ये छापले. गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्याचा संकर केला तर पहिल्या पिढीत सगळे गोल निघाले. सुरकुती संपली, असं कुणालाही वाटलं असतं. त्याच गोल वाटाण्यांची पुढची पिढी घेतली तेव्हा ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले मिळाले, म्हणजे जवळजवळ तिनास एक. सुरकुती कुठेही गेली नव्हती, एक पिढी लपली होती. १९९० मध्ये तिचं रेणूपातळीवरचं कारणही सापडलं. स्टार्च बनवायला मदत करणारं एक विकर (एन्झाइम) त्या वाटाण्यांत बिघडलेलं असतं. त्यामुळे स्टार्च कमी, साखर जास्त, साखरेमुळे पाणी जास्त, आणि वाळताना दाणा आक्रसतो. चांगली एक प्रत असली तरी दाणा गोल राहण्यापुरतं काम होतं. थॅलेसेमियाच्या वाहकाचं असंच आहे. बिघडलेली प्रत तशीच शाबूत असते, फक्त दिसत नाही.

आता तुमच्या वडिलांच्या बोलण्याकडे येऊ. ‘आजार भावाच्या वाट्याला गेला’ हे अनेक घरांत प्रेमानं म्हटलं जातं आणि नेमकं तेच दिशाभूल करतं. भावाला मेजर आहे याचा अर्थ तुमचे आई आणि वडील दोघंही वाहक आहेत, यात शंका नाही. दोन वाहकांच्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत चार शक्यता असतात: दोन्हीकडून चांगली प्रत, आईकडून बिघडलेली, वडिलांकडून बिघडलेली, किंवा दोन्हीकडून बिघडलेली. चौथी शक्यता तुमच्या बाबतीत घडलेली नाही, कारण तुम्ही २३ वर्षांच्या आणि निरोगी आहात. ती काढून टाकली की तीन उरतात आणि त्या तिनांपैकी दोन वाहकाच्या. म्हणजे तुम्ही वाहक असण्याची शक्यता तिनात दोन, सुमारे ६७ टक्के. लोक चटकन ५० टक्के म्हणतात, पण निरोगी मोठ्या भावंडासाठी बरोबर आकडा हा आहे. तुमचं ठणठणीत असणं एवढंच सांगतं की तुम्हाला मेजर नाही. वाहकपणाबद्दल ते काहीच सांगत नाही.

एकाला आजार झाला म्हणून दुसरा वाचला, असा वाटा इथे ठरलेला नसतो. चारात एक ही शक्यता प्रत्येक गर्भारपणात नव्यानं तेवढीच असते. ‘डॉक्टर, एक आजारी झालं, आता पुढची तीन तर चांगली होतील ना?’ असं विचारणारे आईबाप माझ्यासमोर बसलेले आहेत, आणि एकाच घरातली दोन मुलं रक्त भरायला शेजारच्या खाटांवर झोपलेलीही मी पाहतो. हा गैरसमज फार महागात पडतो. म्हणून हे मी प्रत्येक घराला सांगतो, पुन्हा पुन्हा सांगतो.

आता आत्याचा मुलगा. तुमचे वडील वाहक आहेत, म्हणजे त्यांना ही प्रत तुमच्या आजोबांकडून किंवा आजीकडून आली. आत्या त्याच दोघांची मुलगी. तिच्याकडे ती येण्याची शक्यता निम्मी. तिच्याकडून तिच्या मुलाकडे येण्याची पुन्हा निम्मी. म्हणजे तो वाहक असण्याची शक्यता चारात एक. त्याच्या वडिलांकडून येण्याची थोडी शक्यता वेगळी, ती इथे बाजूला ठेवू. तुमचे तिनात दोन, त्याचे चारात एक, आणि दोघंही वाहक असतील तर मूल मेजर होण्याची शक्यता चारात एक. तिन्हींचा गुणाकार केला की उत्तर येतं २४ मध्ये एक, म्हणजे चार टक्क्यांच्या थोडं वर.

हाच हिशोब नात्याबाहेरच्या मुलासाठी करू. भारतात सरासरी शंभरात तीन ते चार माणसं बीटा थॅलेसेमियाची वाहक आहेत. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत प्रमाण याहून जास्त आहे. सरासरी धरली तर धोका साधारण १५० ते २०० मध्ये एक येतो. नात्यातल्यापेक्षा बराच कमी, पण शून्य नाही. म्हणून ‘नात्यात नको, बाहेर दिलं की झालं’ हे उत्तरही पुरेसं नाही. तुमचं लग्न कुणाशीही ठरलं तरी तपासणी टळत नाही. आणि तपासणी झाली की हे २४ न् १५० चे आकडे फेकून द्यायचे, कारण मग शक्यतेच्या जागी खात्रीचं उत्तर हातात असतं. आकडे मी एवढ्यासाठीच मांडले की तपासणी का टाळू नये हे घरच्यांना पटावं.

काकांचा मुद्दा मी गंभीरपणे घेतो, कारण असाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी मोठमोठ्यांना पडला होता. प्रभावी गुण हळूहळू सगळीकडे पसरेल आणि अप्रभावी मागे पडेल, असं वाटणं साहजिक आहे. १९०८ मध्ये इंग्लंडचे गणितज्ञ जी. एच. हार्डी आणि जर्मनीतले डॉक्टर विल्हेल्म वाइनबर्ग यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं की नैसर्गिक निवड, स्थलांतर वगैरे काही बाहेरचं कारण नसेल तर दोन्ही प्रतींचं प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तेवढंच राहतं. थॅलेसेमियात तर एक कारण उलट्या दिशेनं काम करत आलंय. मलेरियाच्या प्रदेशांत वाहकांना त्या तापापासून थोडं संरक्षण मिळत असावं, असं जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये सुचवलं, आणि पुढच्या संशोधनानं त्याला बळ दिलं. वाहक जगले, त्यांची प्रत पुढे गेली. तेव्हा ती आपोआप विरेल याची वाट बघू नका.

नात्यातल्या लग्नाबद्दल लिहिताना मी जपून लिहितो. आपल्याकडे सांगली-साताऱ्यात भावाची लेक सून करून आणण्याची चाल जुनी आहे आणि तिच्यामागे माया आहे. आत्याच्या घरी लेकीला जाच होणार नाही, माणसं पारखलेली आहेत, देण्याघेण्याचा ताण नाही. हे मी हलकं लेखत नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे भावा-बहिणीच्या मुलांचं लग्न निषिद्ध नात्यात मोडतं, मात्र त्या समाजात तशी रूढी असेल तर सूट आहे. पण एक समजूत मला खोडून काढावी लागते. चुलत आणि मावस ही भावंडं, त्यांच्यात लग्न नको. आते-मामेंचं मात्र कूळ, आडनाव, देवक वेगळं, म्हणजे रक्तही वेगळं, असं बहुतेक घरं मानतात. जनुकांना आडनाव कळत नाही. चुलत, मावस, आते, मामे, चारही नात्यांत सरासरी आठवा हिस्सा सारखा असतो, आणि थॅलेसेमियासारख्या आजाराचा धोका चारही ठिकाणी तेवढाच वाढतो.

का वाढतो, हे ओळखण्याचं श्रेय लंडनचे डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरॉड यांना जातं. लघवी काळी पडणाऱ्या अल्काप्टोन्युरिया या दुर्मीळ आजाराच्या मुलांचे आईवडील बऱ्याचदा सख्ख्या भावंडांची मुलं असतात, हे त्यांच्या लक्षात आलं. १९०२ च्या त्यांच्या लेखात मेंडेलच्या नियमाचा माणसाच्या आजाराशी पहिल्यांदा संबंध जोडला गेला. तुमच्या-माझ्यासकट प्रत्येकाच्या अंगात काही ना काही बिघडलेल्या प्रती लपलेल्या असतात. परक्या दोघांच्या बिघडलेल्या प्रती सहसा वेगवेगळ्या जनुकांतल्या असतात, म्हणून जोडी लागत नाही. एकाच आजीकडून आलेली एकच प्रत नातू आणि नात दोघांकडे असेल तर जोडी लागू शकते. नात्याबाहेरच्या जोडप्याच्या बाळात गंभीर जन्मजात दोषाची शक्यता दोन-तीन टक्के असते. आते-मामे भावंडांच्या लग्नात त्यात साधारण दोन-तीन टक्क्यांची भर पडते. म्हणजे बहुसंख्य जोडप्यांना निरोगी मुलं होतात, हेही खरं. पण हे आकडे ज्या घरात काहीच माहीत नाही त्या घराचे आहेत. तुमच्या घरात एक आजार नावानिशी माहीत आहे, म्हणून तुमचा प्रश्न सरासरीवर सोडता येणार नाही.

माझ्याकडे असं कुटुंब आलं की मी कोऱ्या कागदावर तीन पिढ्यांचा नकाशा काढतो. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. तरुण मंडळी ‘आमच्यात दुसऱ्या कुणाला काही नाही’ असं सांगून मोकळी होतात. आजी बरोबर असेल तर चित्र बदलतं. ती सांगते, थोरल्याच्या पाठीवर एक झालं होतं, वर्षभराचं होऊन पांढरंफटक पडून गेलं, पोट मोठं झालं होतं, दृष्ट लागली म्हणाले सगळे. एखादं ‘दात येताना गेलं’. अशा बाळांपैकी काही थॅलेसेमियाची असावीत, असं वर्णनावरून वाटतं. खात्रीनं कुणी सांगू शकत नाही. तुम्ही आत्याकडे जाल तेव्हा आरोप न वाटेल अशा शब्दांत हे विचारा: तिच्या सासरी-माहेरी लहानपणी गेलेली मुलं, जन्मापासून ऐकू न येणारी, फिट येणारी, वाढ खुंटलेली मुलं. थॅलेसेमियाचा रिपोर्ट नॉर्मल आला तरी या बाकीच्या गोष्टी त्यात दिसत नाहीत. एखादं जन्मजात बहिरं मूल निघालं तर त्याची वेगळी जनुकीय तपासणी आणि समुपदेशन लागेल, कारण बहिरेपणाचीही बरीच कारणं अप्रभावी आहेत.

रक्तगटाची भीती मात्र मनातून पार काढून टाका. दोघांचा बी पॉझिटिव्ह असण्याचा थॅलेसेमियाशी किंवा अपंगत्वाशी काहीही संबंध नाही. ए आणि बी या दोन प्रती एकत्र आल्या तर दोन्ही दिसतात, म्हणून एबी गट होतो. ओ दोघांच्या मागे लपतो. त्यामुळे बी गटाच्या आईबापांना ओ गटाचं मूल होऊ शकतं आणि त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. काळजी घ्यायची ती आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असताना. त्यासाठी अँटी-डी इंजेक्शन आहे, आणि तुमच्या बाबतीत तो प्रश्नच येत नाही. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला ‘बॉम्बे’ रक्तगटही असाच अप्रभावी. ए आणि बी या खुणा ज्या पायावर बनतात तो बनवणाऱ्या एच जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्या की ए किंवा बी अंगात असूनही तपासणीत तो माणूस ओ वाटतो, आणि खऱ्या ओ गटाचं रक्तही त्याला चालत नाही. लपलेल्या प्रती वेळप्रसंगी किती महत्त्वाच्या ठरतात, ते यावरून दिसतं.

आता तपासणी. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचपीएलसी पद्धतीनं (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी) हिमोग्लोबिनची तपासणी, दोघांचीही, शक्यतो एकाच वेळी. उपाशीपोटी जावं लागत नाही. सांगली-मिरजेत रक्त देता येतं. एखाद्या लॅबनं नमुना पुण्या-मुंबईला पाठवला तर रिपोर्टला काही दिवस जास्त लागतील, एवढंच. वाहकाच्या सीबीसीत हिमोग्लोबिन थोडं कमी, पण लाल पेशींची संख्या मात्र भरपूर, बऱ्याचदा ५० लाखांच्या वर, आणि पेशी आकारानं लहान, म्हणजे एमसीव्ही ८० च्या बराच खाली असतो. एचपीएलसीत हिमोग्लोबिन ए-२ हा प्रकार साधारण ३.५ टक्क्यांच्या वर गेलं की वाहक धरतात. बहुतेक वाहकांत ते ४ ते ६ च्या दरम्यान असतं. ही तपासणी सिकल आणि हिमोग्लोबिन ई सुद्धा पकडते, आणि तेही महत्त्वाचं आहे, कारण एक जण थॅलेसेमियाचा आणि दुसरा सिकलचा वाहक असला तरी मूल आजारी होऊ शकतं.

एक अडचण आपल्या मुलींच्या बाबतीत नेहमी येते. अंगात लोह फार कमी असेल तर ए-२ खाली येतं आणि आकडा काठावर अडकतो. म्हणून बरोबर फेरिटिनही (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) करून घ्या. लोह कमी निघालं तर ते भरून काढून एचपीएलसी पुन्हा करायची, आणि तरीही संशय राहिला तर डीएनए तपासणी. उलट अशाही बायका येतात ज्यांना ‘रक्त कमी’ म्हणून वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या चालू आहेत, फेरिटिन कुणी बघितलेलंच नाही, आणि मूळ कारण थॅलेसेमियाचं वाहकपण निघतं. तुम्हाला कुणी अशा गोळ्या दिल्या असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

रिपोर्ट आल्यावर काय? तुमचा स्पष्ट नॉर्मल आला तर तुमच्या मुलांना बीटा थॅलेसेमिया मेजर होण्याची भीती संपली, मुलगा वाहक असला तरी. तुम्ही वाहक आणि तो नॉर्मल, किंवा तो वाहक आणि तुम्ही नॉर्मल, असं निघालं तर प्रत्येक मुलात वाहक होण्याची शक्यता निम्मी, मेजरची नाही. अशा लग्नाला थॅलेसेमियाच्या कारणानं अडवायची गरज नाही. मुलं मोठी झाली की त्यांच्या लग्नाआधी त्यांची तपासणी करायची, हे मात्र लक्षात ठेवावं लागेल.

दोघंही वाहक निघालात तर खरा विचार सुरू होतो. प्रत्येक गर्भारपणात २५ टक्के. अशी जोडपी लग्न करतात आणि निरोगी मुलंही वाढवतात, पण त्यासाठी तयारी लागते. लग्नानंतर लगेच, गर्भ राहण्याच्या आधी, दोघांच्या जनुकातला नेमका बदल डीएनए तपासणीत शोधून ठेवायचा. मग प्रत्येक वेळी ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यान वारेचा बारीक तुकडा घेऊन गर्भाची तपासणी करायची. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) रक्तविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे हे काम बऱ्याच वर्षांपासून होतं. गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा १९९४ चा कायदा अशा आजारांसाठीच्या तपासणीला नोंदणीकृत केंद्रात परवानगी देतो. लिंग सांगत नाहीत आणि विचारायचंही नाही. गर्भ मेजर निघाला तर पुढे काय करायचं हा फार जड निर्णय त्या जोडप्याचा असतो, आणि कायद्यानं ठरवलेल्या मुदतीच्या बऱ्याच आधी उत्तर हातात आलेलं असतं. प्रयोगशाळेत भ्रूण तपासून मग गर्भाशयात सोडण्याचा मार्गही आहे, तो खर्चिक आहे आणि सगळ्यांना जमत नाही. मूल दत्तक घेणारेही आहेत.

तुम्ही माझं मत विचारलंत म्हणून ते झाकून ठेवत नाही. दोघंही वाहक निघालात आणि साखरपुडा झालेला नसेल, तर मी थांबायला सांगेन. दर तीन आठवड्यांना मिरजेची खेप, फेरिटिन वाढलं म्हणून लोह काढणारी औषधं, शाळा बुडणं, आईचा पगार बुडणं, हे तुम्ही घरात रोज बघताय. दर गर्भारपणात पुन्हा त्या तपासणीच्या दारात उभं राहणं सोपं नाही. पण तुम्हा दोघांचं मन जुळलेलं असेल, सगळं समजून घेऊन तुम्ही लग्न करायचं ठरवलं, तर त्याला मी चूक म्हणणार नाही. जी मदत लागेल ती करणं हे आम्हा डॉक्टरांचं काम आहे. समजून न घेता, तपासणी टाळून, देवावर हवाला ठेवून केलेल्या लग्नाला मात्र माझा ठाम विरोध आहे.

आणखी एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे असा रिपोर्ट आला की ‘मुलीत दोष निघाला’ असं बोललं जातं. वाहक असणं हा दोष नाही, आजारही नाही. मेजर मूल होण्यासाठी दोघांच्या प्रती लागतात, निम्मी जबाबदारी दरवेळी पुरुषाकडून येते. तुमच्या आईला आजवर कुणी ‘तुझ्या पोटी असं मूल आलं’ म्हणून टोचलं असेल तर हे त्यांनाही वाचून दाखवा. म्हणून माझा आग्रह असतो की मुलीनं एकटीनं तपासणी करून पाकीट सासरच्या हातात देऊ नये. दोघांनी मिळून जावं आणि रिपोर्ट दोघांनी एकत्र बघावेत. आत्याला कसं सांगायचं हे कळत नसेल तर ‘डॉक्टरांनी भावाच्या आजारामुळे सगळ्या नातेवाइकांची तपासणी सांगितलीय’ असं सांगा. ते खरंच आहे. काका, आत्याची बाकीची मुलं, आईकडच्या मावश्या-मामा, सगळ्यांनी लग्नाच्या वयाची मुलं तपासून घ्यायला हवीत.

तपासणीला जाताना भावाचा पहिल्यांदा रक्त भरण्याच्या आधीचा एचपीएलसी रिपोर्ट सापडला तर बरोबर न्या. त्यानंतरच्या रिपोर्टात दात्याचं रक्त मिसळलेलं असतं. आणि तिथेच त्याच्या डॉक्टरांना हेही विचारा की तुमची आणि त्याची एचएलए जुळणी (पेशींवरच्या ओळखखुणांची जुळणी) कधी तपासली आहे का. सख्ख्या भावंडाची जुळणी होण्याची शक्यता चारात एक असते, आणि जुळली तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विचार करता येतो. तुम्ही वाहक निघालात तरी मज्जा देता येते. भाऊ जितका लहान आणि अंगात साठलेलं लोह जितकं कमी, तितका निकाल चांगला, तेव्हा हे काम लग्नाच्या गडबडीत मागे टाकू नका.